चावीबरोबर जागी होणारी तार

चाचांच्या दुकानावर नावाची पाटी कधीच नव्हती. निघोज्याकडं वळणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याचं शेड, बाहेर एक लाकडी बाकडं, आणि शेडच्या खांबाला टांगलेली शाळेतली जुनी दगडी पाटी. तिच्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : 'येथे डायरेक्ट जोडून मिळणार नाही.' पावसानं अक्षरं पुसली की चाचा ती पुन्हा गिरवत.

गाडीत चार्जर, कॅमेरा, जादा दिवे, असं काही नवं बसवायचं असलं की सोपी रीत म्हणजे त्याची तार सरळ बॅटरीला जोडून मोकळं व्हायचं. पंधरा मिनिटांचं काम. त्यालाच सगळे 'डायरेक्ट' म्हणतात. मग ती वस्तू गाडी बंद असतानाही बॅटरी पीत राहते. दुसरी रीत वेळखाऊ आहे. चावी फिरवली की जिच्यात वीज येते आणि चावी काढली की जिच्यातली वीज जाते, अशी एखादी तार डॅशबोर्डच्या पोटात शोधायची, आणि तिच्या हुकमावर नव्या वस्तूला वीज द्यायची. चाचा फक्त या दुसऱ्या रीतीनं काम करत. आमच्या पट्ट्यात चाकणपासून भोसरीपर्यंत गाड्यांचे इलेक्ट्रिशियन पायलीचे पन्नास होते, पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणारा हा एकच.

'नाही' म्हणण्याचीही त्यांची पद्धत होती. आवाज चढत नसे. समोरच्याला बाकड्यावर बसवायचं, चहा पाजायचा, आणि मग हात करून सांगायचं, "डायरेक्ट पायजे ना? मग ते निळं शटर बगा. तिथं मिळंल. माणूस चांगला हाय, माजं नाव सांगा." निळ्या शटरवाल्याचा अर्धा धंदा चाचांनी पाठवलेल्या गिऱ्हाइकांवर चालायचा, आणि तो हे स्वतःच कौतुकानं सांगायचा.

चाचांचं घराणं राजगुरुनगरचं. डोक्यावरची जाळीची टोपी पाहून लोक त्यांच्याशी हिंदीत सुरू व्हायचे आणि चाचा त्यांना खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मराठीत उत्तर द्यायचे. "हिंदी आमाला टीव्हीपुरतीच येती," असं म्हणायचे. नाकावर दोन चष्मे असत, एकावर एक. एक लांबचा, एक जवळचा. दोन्ही नंबर एकाच काचेत बसवून मिळतात, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मग एक फुटला तर दोन्ही गेले की."

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती माझ्या गाडीमुळं. मी चऱ्होलीला राहते. तेव्हा नुकतीच एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि तिच्यात समोरचं चित्रण करणारा कॅमेरा बसवायचा होता. कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं. मी गेले आणि जाताक्षणीच माझी हुशारी सांगून टाकली. मी अकरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करत होते. लांब फळीवर तारा अंथरायच्या, त्यांच्या जुड्या बांधायच्या, टेप गुंडाळायची, टोकं खोबणीत बसवायची. रोज तेच. तेव्हा मी चाचांना म्हणाले, "तारांचं मला सांगू नका, माझा जन्म त्यात गेलाय. तुम्ही फक्त कॅमेरा लावून द्या."

चाचांनी दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडं पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून त्यांनी आपला दिवा काढला. दिवा म्हणजे एक साधा छोटा बल्ब, त्याला दोन तारा. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. तो माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "मग बरंच झालं. चावीबरोबर जागी हुनारी तार कोनती, तेवढी मला दाव. बाकीचं मी करतो."

मी तोंडावर पडले. मला रंग पाठ होते, जाडी पाठ होती, कोणती तार कोणत्या खोबणीत जाते ते डोळे मिटून सांगता आलं असतं. पण कोणत्या तारेचं काम काय, हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. हे बोलायची लाज वाटली. मी मुकाट्यानं ओढणी कमरेला खोचली, शिटापुढं पाय ठेवायच्या जागी आडवी झाले आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

चाचा बाहेरून चावी फिरवत होते. "आता चालू. आता बंद." मी एकेका फ्यूजला सुई लावत होते. पहिल्या जागी बल्ब लागला, पण चावी काढल्यावरही तसाच जळत राहिला. "ती कायमची," चाचा म्हणाले. "सोड तिला." पुढच्या तीन-चार जागी काहीच नाही. मान अवघडली, डोळ्यांत धूळ गेली. दोन तास झाले असतील. आणि मग एका जागी सुई टेकवली, चाचांनी चावी फिरवली, बल्ब लागला. त्यांनी चावी काढली, बल्ब विझला. पुन्हा फिरवली. लागला. पुन्हा काढली. विझला.

मी तिथंच आडवी पडून हसत सुटले. माझ्या हातून अशा हजारो तारा गेल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती.

पुढचं चाचांनी केलं, पण प्रत्येक टाका मला दाखवून. चावीची तार नाजूक असते, तिच्यावर ओझं टाकायचं नाही. तिनं रिलेला फक्त निरोप द्यायचा, आणि रिलेनं बॅटरीकडून वीज घेऊन पुढं पाठवायची. रिले म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. चावी फिरली की तिच्यात 'टक्' असा आवाज होतो. चाचा तो आवाज कान लावून ऐकायचे. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजेच, म्हणजे तार कुठं घासली, चिमटली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडेल. काम झाल्यावर त्यांनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि मला चहा प्यायला बसवलं. अर्ध्या तासानं उठून प्रत्येक नव्या वस्तूवर हात ठेवून पाहिला. "गार हाय," ते म्हणाले आणि चावी परत दिली.

गार हा त्यांचा सगळ्यात मोठा कौतुकाचा शब्द होता. काम गार, जोड गार. आणि भरवशाचा माणूसही गारच.

गावातल्या एका तरुणाची गोष्ट सगळे सांगतात. जमिनी कारखान्यांना गेल्यावर आलेल्या पैशांतून त्यानं मोठी पांढरी गाडी घेतली होती. तिच्यावर दिव्यांची रांग, आत मोठे स्पीकर, असं सगळं त्याला एका दुपारीत पाहिजे होतं, कारण दुसऱ्या दिवशी मित्राचं लग्न होतं आणि नवरदेव याच गाडीतून जाणार होता. चाचा म्हणाले, दोन दिवस लागतील. तो म्हणाला, "चाचा, डायरेक्ट मारा ना राव, कोण बघतंय?" चाचांनी चहा पाजून त्याला निळ्या शटरकडं पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा मी बाकड्यावर होते. मान खाली घालून उभा राहिला. नवरदेव देवळात पाया पडायला उतरला होता, तेवढ्या वेळात स्पीकरांनी बॅटरी संपवली होती. शेवटी ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. मला वाटलं, आता चाचा टोमणा मारणार. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "नवरदेव मुहूर्ताला पोचला का?"

"पोचला. ट्रॅक्टरवर बसून."

"मग झालं तर," म्हणाले, आणि पान्हा घेऊन उठले.

ते एवढे हट्टी का आहेत, हे मला चाचींनी सांगितलं. चाची दुपारी डबा घेऊन येत आणि चाचा जेवेपर्यंत शेडमध्ये बसून तारांचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवत. एकदा मी सहज विचारलं. त्यांनी चाचांकडं पाहिलं. ते गाडीखाली होते.

"आमच्या लग्नाला वरीसबी झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तवा हे सगळं डायरेक्टच जोडायचे, समद्यांसारखं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका गावचा माणूस आला जीप घेऊन. गान्याचा टेप लावून दिला त्याला. पंधरा-वीस दिसांनी त्याच्या भावाचा हात कडबाकुट्टीत गेला. जीप लावायला गेले, तर बॅटरी संपलेली. टेप रातभर चालू राह्यला होता. चौघांनी ढकलत उतारापर्यंत नेली जीप. मानूस वाचला. पन डाक्टर म्हनला, तासभर आदी आला असता तर पंजा राह्यला असता."

"मग?"

"मग काय. यांनी वही काढली. कुनाकुनाला डायरेक्ट जोडून दिलं, ते आठवून आठवून लिव्हलं. आन सायकल घेऊन गावोगाव हिंडले. महिनाभर. लोक म्हनायचे, आमची गाडी बरी चालली हाय, कशाला खोलतोस? हे म्हनायचे, माजी चूक हाय, मला काढू द्या. लोकांना वाटलं, येडा झाला. मलाबी वाटलं." त्यांनी हातातला तारेचा तुकडा जागेवर ठेवला. "शेवटची गाडी झाली त्या दिशी घरी येऊन पोटभर जेवले. तवा मला वाटलं, न्हाई, शाना हाय."

चाचांनी मला ही गोष्ट कधी सांगितली नाही आणि मीही ती ऐकल्याचं त्यांना कळू दिलं नाही.

दोन वर्षांनी मी कारखान्याची नोकरी सोडली आणि एका बस ठेकेदाराकडं सुपरवायझर म्हणून लागले. आमच्या नऊ बस एका मोठ्या कंपनीच्या बायकांची शिफ्टला ने-आण करायच्या. आळंदी, चऱ्होली, मोशी, चाकण गाव, राजगुरुनगर. सकाळच्या शिफ्टच्या बायका साडेपाच-सहाच्या सुमाराला, अंधार असतानाच थांब्यावर येऊन उभ्या राहत. त्यांच्या सुरक्षेसाठी कंपनीनं सांगितलं की प्रत्येक बसमध्ये चार कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर, आणि गाडी कुठं आहे ते दाखवणारा ट्रॅकर पाहिजे. बाहेरच्या एका फर्मची माणसं आली, दोन दिवसांत नऊ बसना सगळं बसवून गेली. दिसायला झकास होतं. प्रत्येक कॅमेऱ्यावर एक लाल ठिपका चमकायचा.

त्यानंतर दर सोमवारी घोटाळा सुरू झाला. रविवारची सुट्टी संपवून पहाटे चावी फिरवावी तर एखादी बस उठायचीच नाही. कधी दोन. धावपळ करून, ढकलून, दुसऱ्या गाडीचा आधार देऊन आम्ही त्या चालू करत होतो. एका सोमवारी राजगुरुनगरची बस तासभर बंद राहिली. मला फोन आला. "ताई, आम्ही पाच जणी आहोत. रस्त्यावर दिवा नाही. दोन मोटारसायकली तिसऱ्यांदा फिरून गेल्या." ती बाई ओरडत नव्हती, रडत नव्हती. हळू आवाजात बोलत होती, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. मी फोन चालू ठेवून माझी गाडी काढली आणि त्यांना घेऊन आले. ज्या कॅमेऱ्यांनी त्यांना जपायचं, त्यांच्यापायीच त्या अंधारात उभ्या राहिल्या होत्या.

कंपनीच्या मॅनेजरनी आमच्या मालकांना बोलावून घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीनंतरच्या सोमवारी नऊच्या नऊ बस सातच्या आत गेटवर पाहिजेत. एक जरी चुकली तर मी दुसरा ठेकेदार बघतो." दिवाळीला पाच दिवस सगळं बंद असणार होतं. एका रविवारात झोपणाऱ्या बस पाच दिवसांनंतर कशा उठणार? आमचे नऊ ड्रायव्हर, दोन क्लीनर, आणि मी. सगळ्यांचं पोट त्या नऊ चाव्यांवर होतं.

मी चाचांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेडला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर निघाले. मोशीच्या बाजूला आमच्या बस उभ्या राहत त्या यार्डात येऊन एका बसच्या बॅटरीची तार सोडवून मध्ये मीटर लावला. चावी माझ्या हातात होती, बस पूर्ण बंद होती. तरी काटा सरकला.

"बग," चाचा म्हणाले. "गाडी बंद, आन दीड अँपिअर चाललाय. पाच दिवस असा चालला तर हत्तीचीबी बॅटरी पुरनार न्हाई. समदं डायरेक्ट हाय."

दुसऱ्या दिवशी फर्मचा इंजिनिअर आला. लातूरकडचा, तिशीतला, कामसू माणूस. त्याला चाचांचं म्हणणं पटलं नाही. "चाचा, तुम्ही चुकायलाव," तो म्हणाला. "ट्रॅकर कायम चालूच लागतोय. गाडी चोरीला गेली तर सापडणार कशी? चावीवर टाकला तर चावी काढली की तो मेला. आमच्या कागदावर तसंच लिहिलंय. तुमच्या बॅटऱ्याच जुन्या झाल्यात, नव्या टाका."

चाचांनी त्याच्याकडून तो इंग्रजी कागद मागून घेतला आणि मला वाचायला लावला. मी अडखळत वाचत होते आणि चाचा ट्रॅकरची एकेक तार बोटात धरून ऐकत होते. मग त्यांनी एकट्या ट्रॅकरला मीटर लावला, मग एकट्या रेकॉर्डरला. दोनदा लावला. आणि मग, तीस-पस्तीस वर्षांची आपली टेक बाजूला ठेवून, सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पोरगा खरं बोलतोय."

इंजिनिअरलाच ते अनपेक्षित होतं.

"पन अर्धं," चाचा पुढं म्हणाले. "ट्रॅकर राखनदार हाय. त्यानं जागंच ऱ्हायला पायजे. आन तो पितोय किती? पंचवीस-तीस मिलीअँपिअर. महिनाभर गाडी उभी राह्यली तरी बॅटरीला कळनार न्हाई. त्याला मी त्याचा येगळा फ्यूज देतो. पन त्या कॅमेऱ्यांनी आन रेकॉर्डरनी रातभर काय बघायचं? रिकामी शिटं? ते चावीवर घेतो."

इंजिनिअर म्हणाला, फर्म परवानगी देणार नाही. बरीच फोनाफोनी झाली. शेवटी आमच्या मालकांनी तोडगा काढला. आठ बस चाचांनी आपल्या रीतीनं करायच्या. नववीला हात लावायचा नाही. तिला फर्मच्या म्हणण्याप्रमाणं नव्या कोऱ्या बॅटऱ्या टाकायच्या. ती सोमवारी सुरू होईल असं फर्मनं लिहून दिलं. मी मालकांना म्हणाले, नववीचा खेळ आपल्या अंगाशी येईल. चाचाही म्हणाले, "मला नववीबी द्या." पण मालक फर्मला दुखवायला तयार नव्हते.

आठ बस करायला अकरा दिवस लागले. सकाळच्या फेऱ्या झाल्या की दुपारच्या शिफ्टपर्यंत बस यार्डात उभ्या असत, तेवढाच वेळ मिळायचा. आता बल्बची सुई मी लावत होते आणि चावी ड्रायव्हर फिरवत होते. चौथ्या बसपर्यंत मला डोळे झाकून जागा सापडायला लागली. चाचा रिले बसवायचे, फ्यूज बसवायचे, प्रत्येक जोडावर कापडी पट्टी गुंडाळून तिच्यावर मराठीत लिहायचे : 'चावीची', 'कायमची', 'राखणदार'. ड्रायव्हर सुरुवातीला लांबून बघत होते. नंतर एकेक जण आपल्या बसखाली येऊन बसायला लागला आणि आपला फ्यूज कुठला ते विचारून घ्यायला लागला. त्याच आठवड्यात शेडवरच्या पाटीवर, जुन्या ओळीखाली, दोन शब्द वाढले : 'राखणदार सोडून.' येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता. चाचांनी तो कुणाला समजावलाही नाही.

दिवाळीच्या पाच दिवसांत माझं लक्ष घरात नव्हतं. पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन चाचांकडं गेले, तर चाचा घरी नव्हते. यार्डात होते. आठही बसमध्ये चढून रेकॉर्डरवर हात ठेवून पाहत होते. नववीच्या दारातून मी आत डोकावले. चार लाल ठिपके चमकत होते, रिकाम्या शिटांकडं पाहत.

सोमवारी पहाटे पाचला आम्ही सगळे यार्डात होतो. इंजिनिअरही भोसरीहून मोटारसायकलवर आला होता, जॅकेटच्या खिशात हात घालून उभा होता. चाचांच्या खांद्यावर जाड तारांचं एक वेटोळं होतं, टोकाला मोठे चिमटे. एका बसची बॅटरी दुसरीला जोडायच्या तारा. आदल्या दिवशी त्यांनी त्या स्वतः बनवल्या होत्या.

"चाचा, भरवसा नाही का तुमचा?" मी विचारलं.

"आपल्या आठांसाठी न्हाई आनल्या," ते हळूच म्हणाले.

पहिली चावी फिरली. इंजिन एका दमात लागलं. दुसरी. लागली. तिसरीच्या ड्रायव्हरनं देवाचं नाव घेऊन चावी फिरवली, ती ते नाव पुरं व्हायच्या आत लागली. चौथी, पाचवी, सहावी. यार्डात धूर झाला, दिव्यांचे झोत पसरले, आवाजानं बोलणं ऐकू येईना. सातवी. आठवी. प्रत्येक बस लागली की तिचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून वर करत होता. ते आठ हात मला अजून दिसतात.

नववीच्या ड्रायव्हरनं चावी फिरवली. कट. कट. कट. मग तेही नाही.

इंजिनिअर धावत चढला. त्यानं स्वतः फिरवून पाहिली. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "नव्या आहेत हो," तो एवढंच म्हणाला. "नव्या कोऱ्या आहेत."

नववीला राजगुरुनगरला जायचं होतं, सगळ्यात लांब. माझ्या डोळ्यांसमोर त्या पाच जणी आल्या. मी आठवीच्या ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, मोशी सोडा, तुम्ही राजगुरुनगर घ्या. आत्ता निघा." मोशी जवळ होती. नववी सुरू झाली तर तिला मोशीला जाऊन वेळेत गेट गाठता आलं असतं. सुरू झाली तर. सातवीची फेरी चाकण गावातलीच होती, तिला थांबवून घेतलं. बाकीच्या बाहेर पडल्या.

चाचांनी सातवीला नववीच्या शेजारी आणायला लावलं आणि खांद्यावरचं वेटोळं सोडलं. एका बाजूचे चिमटे स्वतः लावले. दुसऱ्या बाजूचे इंजिनिअरच्या हातात दिले. "लाल आदी," ते म्हणाले. "काळा बॉडीला." चाचांनी त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि चिमटा बसला.

"आता थांबायचं," चाचा म्हणाले. "घाई केली तर परत बसंल."

दहा मिनिटं सातवी नववीला वीज पाजत राहिली. मी घड्याळ बघत होते. मग चाचांनी मान हलवली आणि ड्रायव्हरनं चावी फिरवली. कुरकुरली, अडली, आणि लागली. चाचांनी चिमटे काढले, तारा गुंडाळल्या आणि नववीतच चढले. "हिच्याबरूबर मी येतो," म्हणाले. मी आणि इंजिनिअरही चढलो.

मोशीच्या बायका थांब्यावर होत्या. चढताना एकीनं विचारलं, "ताई, आज तुम्ही कशा?" मी म्हणाले, "सहज." चाचा ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर दोन्ही चष्मे लावून, इंजिनच्या आवाजाकडं कान देऊन बसले होते.

गेटवर मॅनेजर उभे होते. आम्ही पोचलो तेव्हा सातला दहा कमी होते. राजगुरुनगरची आमच्याआधी येऊन लागली होती. त्या पाच जणींतली फोनवाली बाई उतरून आत चालली होती, मला पाहून थांबली आणि तिनं लांबूनच हात जोडले. मॅनेजरनी बस मोजल्या. पुन्हा मोजल्या. "नऊ," ते म्हणाले. मग मला विचारलं, "काम कुणी केलं?"

मी चाचांकडं बोट दाखवणार होते. पण त्याआधी इंजिनिअर पुढं झाला. "सर, आठ यांनी केल्या," तो म्हणाला. "नववी मी केली होती, ती बंद पडली. तीही यांनीच आणली." त्याला कुणी हे बोलायला सांगितलं नव्हतं. मॅनेजरनी आमच्या मालकांना फोन लावून सांगितलं, "ठेका आहे तसा राहू द्या. आणि तुमच्या नवव्या बसचंही काम यांच्याकडूनच करून घ्या."

परतीच्या वाटेवर रिकाम्या बसमध्ये इंजिनिअर चाचांच्या शिटाशी येऊन उभा राहिला. "चाचा, नववी आजच करू. मी तुमच्या हाताखाली थांबतो."

"हाताखाली कशाला?" चाचा सरकून बसले. "शेजारी बस."

दहा वाजता यार्डात गेले तर डॅशबोर्डखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आल्या होत्या, एक चपलेतली, एक बुटातली. दुपारच्या शिफ्टच्या आधी काम झालं. इंजिनिअर ड्रायव्हरच्या शिटावर बसला आणि त्यानं चावी फिरवली. चार लाल ठिपके लागले. चावी काढली. चारही विझले, फक्त ट्रॅकरचा बारीक हिरवा तेवढा राहिला. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा काढली. पुन्हा फिरवली. लहान मुलासारखं हसू त्याच्या तोंडावर पसरलं होतं आणि ते त्याला आवरत नव्हतं.

चाचा खाली उभे राहून चष्मे पुसत होते. एक पुसून झाला, दुसरा पुसून झाला, तरी आत चावीची टकटक चालूच.

"पुरं कर आता," ते म्हणाले. "चावी झिजंल."